दीड मिलिमीटरचा फरक

२ मे, सकाळी ७.१०
गाडीच्या इंजिनातून पुन्हा टकटक. गफूर मिस्त्रींचे निदान : व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, झिजला आहे. सोळा वर्षांच्या या मॉडेलचा कंपनीचा शाफ्ट आता मिळत नाही. बाहेरच्या बनावटीचा शोधावा लागेल. बावीस तारखेला मुलीचे, शीलाचे, लग्न. तिची पाठवणी शहाद्याहून म्हसावदला माझ्याच गाडीतून होईल, असे मी व्याह्यांसमोर जाहीर केलेले आहे. वीस दिवस. पुष्कळ झाले.
निश्चय : मोजल्याखेरीज माल स्वीकारायचा नाही.

४ मे
मिलिमीटरचा अंशही मोजणारा व्हर्नियर कॅलिपर आला. जुन्या शाफ्टचे आठही उंचवटे प्रत्येकी तीनदा मोजले, सरासरी काढली, तक्ता लॅमिनेट केला. मिस्त्री तक्ता पाहून म्हणाले, "भाऊ, हाई शाफ्टनं माप शे का पोरनी पत्रिका?" दुर्लक्ष केले.

५ मे
सुरतेचे व्यापारी शहजादभाई यांना संपूर्ण तक्ता फोनवर वाचून दाखवला. लाइन दोनदा तुटली. सौ.च्या मते ती तोडली गेली. नेटवर्क असावे.

९ मे, दुपारी १२.४०
पार्सल आले. शाफ्ट चकचकीत, परंतु उंचवटे जवळजवळ दीड मिलिमीटर जास्त. आठही! मिस्त्री म्हणाले, "भाऊ, जुना घसाई जायेल शे, म्हनीसन कमी भरस. नवा बसाडू द्या." वाद घातला नाही. मिस्त्री हाताचे कुशल आहेत, पण त्यांच्याकडे तक्ता नाही. माझ्याकडे आहे.
मेहुणे पितांबर तिथेच होते. त्यांची गाडी माझ्याच मॉडेलची, टकटकही तीच. "दाजी, परत धाडू नका, माले द्या." दिला. त्यांची कीव आली.

१३ मे
इंदूरहून दुसरा शाफ्ट. पुन्हा तोच दीड मिलिमीटर. दोन शहरांतले दोन कारखाने नेमकी एकच चूक करतात, हे संगनमताखेरीज शक्य नाही. परत.

१५ मे
सौ.ने विचारले, "जवाईले बी कॅलिपर लाईसन देखं का?" उद्यापासून घरात शांत राहायचे.

१६ मे
शांत राहिलो नाही. कारण सौ.

१८ मे, सायंकाळी ५.३०
विजय! शहजादभाईंनी तिसरा शाफ्ट पाठवला. "साहब, एकदम आपके चार्ट के मुताबिक." आठही मापे तंतोतंत. जिद्दीपुढे बाजार नमतो. शाफ्ट किंचित काळसर व तेलकट आहे. पॅकिंगचे तेल असावे. एका टोकाला पांढऱ्या रंगात गाडीच्या नंबरसारखे काही लिहिले आहे. बहुधा बॅच नंबर. मिस्त्रींनी तो बराच वेळ न्याहाळला, मग नुसते म्हणाले, "लाई देस, भाऊ. तुमनं मन ऱ्हाऊ द्या."

२० मे
शाफ्ट बसला. गाडी सुरू केली. टकटक. नवा भाग रुळायला वेळ लागतोच.

२१ मे
रुळतो आहे. आवाज वाढला, म्हणजे रुळण्याची गती चांगली आहे. गाडीला झेंडूच्या माळा स्वतः बांधल्या. दोन्ही बाजूंना समान अंतरावर.

२२ मे, रात्री
पाठवणी वेळेवर निघाली. मी चालवत होतो. शीला व जावई मागे. लोणखेड्याच्या अलीकडे गाडीने चार गचके खाल्ले आणि ती थांबली. भर उन्हात शालू सावरत शीला रस्त्यावर उभी. घरातून निघाल्यापासून रडत होती. तिथे मात्र हसू लागली. मागून पितांबरांची गाडी आली. दोघे तिच्यात बसले. झेंडूच्या माळाही तिकडे गेल्या. मी पुढे बसलो.
म्हसावदपर्यंत त्यांच्या इंजिनाचा आवाज असा नव्हताच. पितांबर म्हणाले, "दाजी, कशी चालस?"
मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, असे मी म्हणालो.
शीलाने मागून हात घालून माझ्या खिशातला कॅलिपर काढला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. तो सासरी गेला. परत मागितला नाही.