आवाजाच्या फायली वगळून

रविवार, ९ मार्च

प्रिय बारक्या,

तुझी मेल पोचली. तब्येतीला जप, वेळेवर जेव आणि उभ्या उभ्या तोंडात काहीतरी कोंबून कामावर पळणं बंद कर, हे सगळं ताईने लिहायचंच असतं म्हणून आधी लिहून मोकळी होते. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या भाऊजींचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय आणि दोष ते जिन्याला देतात. ऑफिसच्या भिंतीला रंग दिला. पिवळा. बाबांनी निवडला, त्यामुळे कुणी काही बोलायचं नाही.

बाबांची जखम भरत आलीय. स्वरयंत्र काढलेला माणूस इतक्या लवकर उठून बसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हा माणूस नुसता बसला नाही, चौथ्या आठवड्यात थेट आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हजर! गळ्याला रुमाल, मांडीवर पुसायची पाटी, आणि फाटकापाशी खुर्ची टाकून समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघून मान हलवायची. जगात एकालाही गाडी लावता येत नाही, हे त्यांचं मत अजून कायम आहे. बोलणं सगळं पाटीवर. अक्षर तुला माहीतच आहे, कोंबडीचे पाय परवडले. मला वाचायला वेळ लागला की खडूसारखं ते पेन पाटीवर आपटतात.

गाडीत आता नवे मास्तर बसतात. बाबांना बसू नका म्हटलं होतं, पण ऐकतील तर ते बाबा कसले. गेल्या सोमवारी एका शिकणाऱ्या मुलीला घेऊन गेलेच. चौकात तिने आरसा न बघता गाडी वळवली. बाबांनी तोंड उघडलं. आयुष्यभर जे ओरडत आले तेच ओरडायला गेले असणार, पण आवाज कुठला निघणार? शेवटी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मुलीला वाटलं, मास्तर इतके चिडलेत की बोलतसुद्धा नाहीत. ती रडायला लागली. बाबा खाली उतरले आणि तिला तशीच मधे सोडून पायी घरी आले. त्यानंतर ते गाडीकडे फिरकलेले नाहीत.

हे तुला फोनवर सांगितलं असतं. पण बाबांचा आवाज गेल्यापासून कान असे तिखट झालेत की मी मागच्या खोलीत कुजबुजले तरी पाटी घेऊन दारात उभे. म्हणून मेल.

तू आता तिसऱ्यांदा विचारलंस की बाबांच्या आवाजाची ती रेकॉर्डिंग्ज का पाठवत नाहीस. पहिल्यांदा मी लिहिलं, फायली मोठ्या आहेत. दुसऱ्यांदा लिहिलं, आवाजवाल्या बाईंचं काम चालू आहे. तू भोळा, तुला दोन्ही पटलं. या वेळी तू लिहिलंस, "एकच वाक्य पाठव, मला एकदा ऐकायचंय." वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले.

ती रेकॉर्डिंग्ज कशी झाली ते तुला नीट माहीत नाही, तू तेव्हा आमच्याशी फारसा बोलत नव्हतास. दवाखान्यातल्या त्या आवाजवाल्या बाईंनी सांगितलं होतं की ऑपरेशनआधी भरपूर वाक्यं बोलून ठेवा, म्हणजे पुढे त्यांनी यंत्रावर टाइप केलं की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल. वाक्यंही त्यांनीच दिली होती. "आज हवा छान आहे." "मला थोडं पाणी हवं आहे." बाबा म्हणाले, "असं मी जन्मात कधी बोललोय का? यंत्राला वाटेल मी कुणी सभ्य माणूस आहे." मग बाईंचं एक वाक्य झालं की स्वतःचं एक घालायचे. "क्लच सोड हळू, हळू, अरे पाय आहे का फावडं?" "गाढवा, आरसा बघ!" मी हेडफोन लावून समोर बसायचे आणि हसू दाबता दाबता पोटात दुखायचं. घसा दुखायचा त्यांचा, मधेच थांबून घोटभर कोमट पाणी प्यायचे. रोज उठताना एकच प्रश्न, "ठेवलं का नीट?" मी म्हणायचे, ठेवलं बाबा, संध्याकाळी आपोआप दुसऱ्या डिस्कवर कॉपी होतं, बारक्याने लावून दिलंय. तुझं नाव आलं की ते पाण्याचा पेला उचलून निघायचे. पण त्या दिवशी पुन्हा विचारायचे नाहीत, एवढा विश्वास होता.

थोडी वाक्यं राहिली होती, ती झाली की सगळं एकदम बाईंना द्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे घेतलं. बाबा दवाखान्यात असताना ऑफिसचा कॉम्प्युटर कटकट आवाज करायला लागला आणि दुसऱ्या दिवशी मेला. मी म्हटलं, मरू दे, कॉपी आहे. खरंच, मला काडीची काळजी वाटली नाही. नवा आणला, तुझी डिस्क जोडली, सगळं परत आलं. शिकणाऱ्यांचे फोटो, पावत्या, गाड्यांचे कागद, आपल्या मेलेल्या कुत्र्याचा फोटोसुद्धा. बाबांच्या आवाजाचं फोल्डरही आलं. उघडलं. आत फक्त वाक्यांची यादी होती, झालेल्या प्रत्येक वाक्यापुढे बरोबरची खूण केलेली. आवाज एकही नाही.

बारक्या, पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

मेलेली डिस्क घेऊन मी तीन दुकानं फिरले. शेवटच्याने ती उघडून दाखवली, आत चकतीवर गोल चरे पडले होते. "बाई, इथे हात टेकले," म्हणाला, आणि माझ्याकडून काही घेतलंही नाही. पण मग कॉपी का झाली नाही? रोज तर हिरवी खूण यायची. त्यानेच तुझ्या डिस्कमधली सेटिंग उघडली आणि मला वाचून दाखवलं. सगळं कॉपी कर, आवाजाच्या फायली वगळून.

तुला आठवेल. भाऊजींच्या गाण्यांनी डिस्क सारखी भरायची, रोज "जागा नाही, जागा नाही" असा निरोप यायचा आणि मी तुझं डोकं खायचे. मग एकदा तू तिकडूनच काहीतरी केलंस आणि लिहिलंस, "नको ते वगळलंय ताई, आता डोक्याला ताप नाही." आणि नव्हताच ताप. गाणी माझ्या नवऱ्याची, कटकट माझी, सेटिंग तुझी. कॉम्प्युटरला काय ठाऊक, गाणं कुठलं आणि बाप कुठला.

हे तुला कळवायचं नाही असं बाबांनी ठरवलं होतं. त्यांना मी सांगितलं तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. पाटी ओढून घेतली, आधीचं लिहिलेलं पुसलं. मग लिहिलं, "बारक्याला सांगू नकोस. चांगलं करायला गेला होता." मी वाचेपर्यंत धरलं आणि तळहाताने पुसून टाकलं. दोन वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल उच्चारलेलं किंवा लिहिलेलं हे पहिलंच वाक्य. आणि मी ते मोडतेय.

मोडतेय, कारण बुडत्याला काडीचा आधार. तू निघून गेलास, स्कूल चालवणार नाही म्हणालास, बाबा शिकणाऱ्या पोरांसमोर तुला नको ते बोलले, सगळं खरं. पण त्यानंतर दर रविवारी ऑफिस बंद करताना ते तुला फोन लावायचे. तू उचलायचा नाहीस. मग बीप वाजल्यावर काहीतरी निरोप ठेवायचे. मी पाठ करून उभी असायचे, कुलूप शोधत असल्यासारखी. गाडीचं सांगायचे, हवेचं सांगायचे, कधी शिव्या. तुला मी कधी विचारलं नाही की तू ते ऐकतोस का. आजही विचारत नाही.

पण ते तुझ्या फोनमध्ये आहेत ना? घरात पोरंबाळं नाहीत की कुणी फोनवर व्हिडिओ काढावेत, माझ्या लग्नाच्या चित्रफितीत बँडच ऐकू येतो. आवाजवाल्या बाई म्हणतात, तासभर बोलणं मिळालं तरी बघू. तू या मेलमध्ये लिहिलंस की नवा फोन घेतोयस आणि लागेल तेवढंच त्यात नेणार आहेस. म्हणून आजच लिहितेय. काही वगळू नकोस रे. शिव्या असल्या तरी असू देत. एकही वगळू नकोस.

तुझी वाट बघणारी,
ताई

शुक्रवार, १४ मार्च

बारक्या,

तुझी मेल वाचली. सहा ओळी, त्यातल्या चार माफीच्या. आता पुरे कर.

माझी मेल पोचायच्या आधीच तू फोन बदलला होतास, तर ती काय करणार होती? नव्या फोनने विचारलं, काय काय आणू, आणि तू निरोपांपुढची खूण काढलीस. मीही काढली असती. दुकानात तीनदा जाऊन आलास, त्यांनी जुना फोन पुसून कुणाला तरी विकलाही. आता त्या माणसाच्या मागे जाऊन काय उपयोग, त्यात त्याचं आयुष्य भरलं असेल. तू लिहिलंस की एकही निरोप ऐकला नव्हता, एखाद्या रविवारी बसून सगळे एकदम ऐकायचे असं ठरवलं होतंस. ते वाचून मला तुझा राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं रडू आलं. मी घरात, तू तिकडे, दोघंही हात चोळत बसलोय आणि ज्याचा आवाज गेला तो बाहेर झाडांना पाणी घालतोय.

बाबांना मी काही सांगणार नव्हते. पण माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, ते अक्षर त्यांना बरं वाचता येतं. पाटी पुढे आली, "बारक्याला सांगितलंस." मी मान डोलावली आणि तुझ्याकडे फोनमधले निरोप मागितल्याचंही सांगितलं. मग लिहिलं, "निरोप गेले?" पुन्हा मान डोलावली. त्यांनी पाटी पुसली, पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "ऐकायचा तरी का?"

मी म्हटलं, हो बाबा. प्रत्येक रविवारी ऐकायचा, पण उलट फोन करायची हिंमत व्हायची नाही त्याची.

खोटं बोलले. त्यांनी पाटी उलटी ठेवली आणि रुमालाने डोळे पुसले. तू आता एवढं खोटं सांभाळ. त्यांनी विचारलंच, तर गाडीचं आणि हवेचं सांगायचे हे तुला माहीत आहे.

काल आवाजवाल्या बाई यंत्र देऊन गेल्या. त्यात तयार आवाज आहेत, त्यातला एक घ्यावा लागला. तिशीतला कुणी पोरगा वाटतो, गोड गोड, बँकेच्या काउंटरवरून बोलल्यासारखा. बाबांनी पहिलं टाइप केलं, "गाढवा, आरसा बघ." पोरगा इतक्या अदबीने म्हणाला, की भाऊजी खुर्चीवरून पडायचे बाकी होते. बाबाही हसले. खांदे हलतात, आवाज येत नाही. मग हसता हसता थांबले आणि यंत्राकडे बघतच राहिले. मी चहा ठेवला.

संध्याकाळी ऑफिस बंद करताना त्यांनी पाटी दाखवली. यंत्र नाही, पाटीच. "रविवारी बारक्याला फोन लाव. मी बोलेन."

म्हणून लिहितेय. परवा संध्याकाळी फोन येईल. या वेळी उचल. मी लावून देईन आणि खोलीतून बाहेर जाईन. तुला पलीकडे एक परका पोरगा ऐकू येईल, तुझ्याहूनही लहान, आणि तो तुला बारक्या म्हणेल. त्याला "कोण?" म्हणू नकोस. बाबा एका बोटाने टाइप करतात, अक्षर शोधत, चुकलं की सगळं खोडून पहिल्यापासून. एक वाक्य झालं की पुढचं येईपर्यंत खूप वेळ काहीच ऐकू येणार नाही. तुला वाटेल, लाइन तुटली. तुटलेली नसेल. मधे बोलू नकोस, आणि काही झालं तरी फोन ठेवू नकोस.

ताई