आजोबा गेले, त्याची हकिकत

प्रिय ठमाबाई,

वाईट बातमी आधीच सांगतो, नाहीतर सगळं पत्र धाकधुकीत वाचशील. तुझे पैसाकिडे मेले. सगळे नाहीत, पण बरेच. आणि त्यात आजोबाही गेले. तोच तुझा सगळ्यांत जाडा, काळा, हातावर घेतला की इतके पाय असूनही जागचा न हलणारा.

पहिला मेला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. मेलेला किडा गोल वळलेला असेल अशी माझी समजूत. हा मातीवर सरळ पसरला होता, मला वाटलं, झोपलाय. बोट लावलं तरी वेटोळं करेना, तेव्हा कळलं. पाठोपाठ आणखी दोन गेले. मग घाबरून मी सगळंच करून टाकलं. पाणी जास्त शिंपडलं, पेटी खिडकीतून तुझ्या टेबलावर आणली, काकडी सोलून दिली, झाकणाला नवी भोकं पाडली. तरी ते मरतच राहिले. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघाड कशात होता ते कळत नाही, असं मी कामावर नव्या लोकांच्या कानीकपाळी ओरडत असतो. घरी मात्र माझी अक्कल चरायला गेली होती.

आजोबा गेले त्या संध्याकाळी तुझ्या आईला फोन केला. "आजोबा गेले गं," एवढंच म्हटलं. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावरून किंचाळली, "अहो, काय बोलताय? बाबा सकाळी तर बोलले माझ्याशी!" खरं कळल्यावर तिने आधी मला यथेच्छ झापलं, मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तू आत झोपली होतीस.

दुसऱ्या दिवशी मी डोकं ताळ्यावर आणलं. उरलेल्यांना दोन डब्यांत वाटलं. माती तीच, पाणी तेच, काकडी तीच. फरक फक्त पानांचा. एका डब्यात आपण दोघांनी टेकडीवरून आणलेल्या सुक्या पानांचा तळाशी उरलेला चुरा. त्या दिवशी येताना तू मध्येच पोत्यावर बसलीस आणि मी एका खांद्यावर पोतं, दुसऱ्यावर तू, असा घरी आलो होतो. तेव्हा आपल्याला वाटलं, नुसती दमली आहेस. दुसऱ्या डब्यात टाकली मी नंतर कामाजवळच्या बागेतून आणलेली पानं. मेले ते या दुसऱ्या डब्यातले. टेकडीची पानं खाणारे मजेत होते.

मूठभर पानं घेऊन बागेतल्या माळ्याला गाठलं. तो म्हणाला, "अहो, फवारणी केलीय यांवर. पाटी आहे की मागच्या फाटकाला." कशाला हवीत म्हणून त्याने विचारलं. "मुलीच्या किड्यांना खायला," मी म्हटलं. तो म्हणाला, "किड्यांना? अहो, त्यांच्यासाठीच तर औषध मारतो मी!"

आता पानं टेकडीवरूनच आणतो. त्यानंतर एकही गेलेला नाही. एकजण मातीत शिरून कात टाकतोय, त्याला मी हात लावत नाही.

हे पत्र मामाच्या हाती देतोय, कारण फोनवर तू माझ्या आवाजावरूनच अंदाज बांधत बसतेस. परवा म्हणालीस, "बाबा, तुम्ही दोघं मला नेहमी चांगलंच सांगता, म्हणून मला काहीच खरं वाटत नाही." बरोबर आहे तुझं. सुई टोचायच्या आधी 'दुखणार नाही' म्हणणारे आम्हीच. म्हणून आधी सगळं वाईट न लपवता सांगितलं. आता दुसरं ऐक, आणि तेही तितकंच खरं मान. आज डॉक्टरांचा फोन आला. आईलाही त्यांनी सांगितलंय, पण तिला मीच थांबवलं, म्हटलं, ठमीला पत्रातून कळू दे. औषध लागू पडतंय. रक्तातला दोष खूप कमी झालाय. पूर्ण गेलेला नाही. अजून सुया आहेत, उलट्या आहेत, घरी यायला वेळ आहे. पण तू बरी होते आहेस, राणी. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ते वैतागले, "अहो, हो म्हटलं ना!" कुणी आपल्यावर वैतागल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तुझाच,
बाबा