दुपारी अडीचचा मजकूर

चि. धाकटीस,

भावोजींचे पोटभर आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ माफी. गेल्या मंगळवारी फोनवर मी जे काही ओरडलो त्याने तुझं ब्लडप्रेशर वर गेलं असणार. आता खाली आलं का? तुझे यजमान अजून दाढी राखून आहेत की अक्कल आली? नातीचे पुढचे दात आले का? माझं म्हणशील तर मी बरा आहे. दोन वेळा जेवतो, एक वेळ फिरतो आणि उरलेल्या वेळात भितो. हे शेवटचं कशामुळे, ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलंय. हातानेच लिहितोय. चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेल्या माणसाने पेनाने लिहावं म्हणजे नामुष्कीच आहे, पण सध्या त्या यंत्रावर बोटं ठेवायची माझी छाती होत नाही.

मुळात घरात कॉम्प्युटर आणायचं खूळ माझं नव्हेच. आमच्या वरच्या मजल्यावर नकाशेवाले राहायचे, आठवतात? इमारतींचे नकाशे काढायचे आणि जिन्यात भेटले की आपल्या घराच्या भिंती कशा तिरक्या आहेत ते सांगायचे. ते सहा महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या बाई मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यांचा कॉम्प्युटर तुम्हीच न्या, तुमच्या हाताखाली राहील." (बाईही एकेकाळी माझ्याच क्लासच्या. माझ्या क्लासची नसलेली बाई ह्या गल्लीत सापडायची नाही. तुझी ताई तर क्लासमधून थेट माझ्या घरातच आली, त्यावरून तेव्हा काय गहजब झाला होता ते तुला सांगायला नको.) तर डबा आला, पडदा आला, वायरींचा एक गुंता आला. कीबोर्ड तेवढा आला नाही. सापडत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, काही बिघडत नाही, मी माझ्या पसंतीचा घेतो. घेतलासुद्धा: जाड, वायरवाला, टायपरायटरसारखा खडखडणारा. मग दोन दिवस टेबलाखाली उताणा पडून प्रत्येक वायरीला चिकटपट्टीने नंबर लावले आणि जोडणी केली. डब्याच्या मागे नखाएवढं काळं काहीतरी खोचलेलं होतं. ते मी भोकाचं टोपण समजून कापसाने पुसलं आणि होतं तिथेच राहू दिलं. ह्या टोपणाने पुढे माझी काय अवस्था केली ते ऐकच.

पहिले तीन दिवस हसण्यातच गेले. हसणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून मीच हसलो. ओळ संपत आली की माझा डावा हात आपोआप वर जायचा, टायपरायटरचा दांडा ढकलायला. आता दांडा कुठला? हात जायचा तो थेट चहाच्या कपावर. तीन दिवसांत दोन कप फुटले आणि पडद्याला दोनदा थप्पड बसली. आणि ओळ संपल्यावर घंटी नाही गं वाजत! घंटीशिवाय माणसाने थांबावं तरी कुठे? शेवटी तोंडानेच "टिंग" म्हणायला लागलो. बंद करायचं म्हणून पहिल्या दिवशी सरळ प्लग उपटला, तर दुसऱ्या दिवशी पडद्याने मला असं काही सुनावलं की तेव्हापासून मी यंत्र बंद करायच्या भानगडीत पडलेलो नाही. दिवसरात्र चालू. क्लासच्या शिस्तीप्रमाणे काम झालं की कीबोर्डवर कापडाची टोपी मात्र घालतो.

चौथ्या दिवशी तुलाच पत्र लिहायला कोरं पान उघडलं होतं. दूध उतू जायचा वास आला म्हणून टोपी घालून स्वयंपाकघरात गेलो. दुपारचे अडीच. गल्लीत चिटपाखरू नाही. परत येऊन बघतो तर पानावर तीन शब्द: यसार यसार यसार. आणि खाली: अहो, जेवलात का?

धाकटे, तूही माझ्या क्लासला आठ दिवस आली होतीस (नवव्या दिवशी पळालीस, ते सोड). यसार म्हणजे काय ते तुला माहीत आहे. उजव्या हाताच्या चार बोटांखालची अक्षरं, करंगळीपासून आत. काहीही टाइप करण्याआधी बोटं मोकळी करायला ते तीनदा मारायचं, हा जगात फक्त माझ्या क्लासचा नियम. मी छड्या मारून तो अंगी बाणवला होता. तुझी ताई होती तोवर वाण्याची यादी टाइप करायची तरी आधी तीन यसार मारायची. आणि कीबोर्डवर टोपी होती गं, जशीच्या तशी! मी मटकन खाली बसलो आणि, खोटं कशाला सांगू, पडद्याला म्हटलं, "जेवलो."

मग रोजचंच झालं. अडीच वाजले की टोपीखाली कळा निश्चल आणि पडद्यावर अक्षरं एकामागून एक उमटताहेत. गोळ्या घेतल्या का. आज नळाला पाणी कमी होतं. तुमचा राखाडी स्वेटर उन्हात घातलाय. (माझ्याकडे राखाडी स्वेटर कधीच नव्हता. म्हटलं, तिकडे गेल्यावर माणसाला रंगांचा विसर पडत असेल.) एकदा मी पान उघडं ठेवायचं विसरलो, तर बरोबर अडीचला यंत्रातून टुक, टुक, टुक असे आवाज यायला लागले, कोणी बंद दारावर बोटाने वाजवावं तसे. मी धावत जाऊन पान उघडलं तेव्हा कुठे थांबले. एकदा लिहून आलं, "खालचे मास्तर हल्ली एकटेच बोलतात, मधूनच टिंग म्हणतात, वेड लागलं की काय." मला राग आला. मग विचार केला, ती आता वर गेलेली, तिच्या लेखी मी खालचाच. आणि नवऱ्याला वेडा म्हणणं, हे तर अगदी तिचंच!

मी उत्तरं टाइप करायचो. तिच्याकडून त्यावर एक अक्षर यायचं नाही, ती आपलं तिचंच चालू ठेवायची. त्यानेही माझी खात्री पटतच गेली. एकोणचाळीस वर्षं आमचं बोलणं ह्याच पद्धतीने चाललं होतं. कधी दोघं एकदमच लिहायला लागलो तर माझ्या शब्दात तिची अक्षरं घुसायची आणि सगळ्याची खिचडी व्हायची. मी हात मागे घ्यायचो. जिवंतपणी घेतले नाहीत, आता घ्यायचो.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. ताई गेली त्या दिवशी मी वाटेत होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी वाटेत नव्हतो. परीक्षा चालू होती, माझ्या शेवटच्या बॅचची. तिच्या छातीत दुखतंय असा निरोप कोणीतरी माझ्या कानात येऊन सांगितला होता. मी हातातलं घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "चाळीस मिनिटं राहिलीत, पेपर झाला की येतो." पेपर झाला आणि आलो, तेव्हा घर उघडं होतं आणि तिला नेलेलं होतं. पुढचं तुला माहीत आहे. म्हणून रोज तिच्या ओळींच्या खाली मी शेवटी एकच वाक्य टाइप करायचो: "रागावलीस का?" दोन महिने, रोज. मधे एक आठवडा काहीच आलं नाही, तेव्हा ती रुसली समजून मी पडद्याकडे न बघताच प्रश्न मारायचो. घशाखाली घास उतरण्याआधी अडीच वाजायची वाट बघायचो, आणि वाजले की भीती वाटायची, की आज "हो" म्हणून उत्तर आलं तर?

मंगळवारी आलं ते असं: "पुढच्या रविवारी इथून जायचं ठरलं. तुम्हाला सोडून जायचं जिवावर आलंय." झालं, माझं डोकंच फिरलं आणि मी तुला फोन लावला, की तुझी ताई पुन्हा चाललीय, बोलायचं असेल तर ये. तू रडत रडत म्हणालीस, पुढच्या शुक्रवारच्या गाडीने निघते. पण बुधवारी लिहून आलं, "मुलगा म्हणतो, तिथे तुला करमेल." मी ते वाक्य पाच वेळा वाचलं. धाकटे, आम्हाला मुलगा कुठला? मुलगी कुठली? आम्हाला मूल नाही ह्याचं दुःख तिने जन्मभर उगाळलं, ते ती विसरेल?

गुरुवारी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्या चष्मा कपाळावर ढकलून डब्याच्या मागे वाकल्या आणि ते नखाएवढं टोपण उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाल्या, "काका, हे टोपण नाही. बिनवायरच्या कीबोर्डचं आहे हे. तो जवळपास कुठे असेल तर त्यावर मारलेलं सगळं इथे येणार. कुठाय तो?" मी काही बोलायच्या आत आमच्या बरोबर डोक्यावर, छतापलीकडे, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अडीच वाजले होते. त्या बाईसुद्धा दचकल्या.

तर असं आहे. नकाशेवाल्यांचा कीबोर्ड वरच्या बाईंनी दिला नव्हता, कारण नवऱ्याच्या बोटांनी त्यावरची अक्षरं झिजली होती. रोज दुपारी जेवण झालं की त्या तो मांडीवर घेऊन नवऱ्याला चार शब्द लिहायच्या. पडदा नाही, काही नाही. अक्षरं कुठे जातात हा प्रश्नच त्यांना पडला नाही. शनिवारी सकाळी मी धीर केला, सगळी बावीस पानं छापून घेतली आणि वर गेलो. घोटाळा एवढाच झाला की छापून आल्यावर सवयीने मी लाल पेन्सिलीने चुका तपासल्या होत्या. बाईंनी दार उघडलं, पानं बघितली, पहिल्या पानावरची लाल खूण बघितली आणि आधी ओशाळून म्हणाल्या, "मास्तर, सराव नाही राहिला हो." मग आपण काय वाचतोय ते त्यांना कळलं. तोंड पांढरंफटक पडलं. मी सगळं सांगितलं. त्या पानं छातीशी धरून ऐकत राहिल्या, कीबोर्डचं वर लिहिलं ते चार वाक्यांत सांगितलं, "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. परक्या बाईची नवऱ्याला लिहिलेली पत्रं दोन महिने वाचणाऱ्या माणसाने ह्यापुढे जिन्यात कुठल्या तोंडाने उभं राहावं, हे तूच सांग.

तेव्हा सारांश हा की तुझी ताई आलेली नव्हती. मी म्हातारा झालोय आणि मूर्ख तर आधीपासूनच होतो. तू शुक्रवारचं तिकीट रद्द कर, उगाच धावपळ करू नकोस. परीक्षेचं ऐकून माझा राग आला असेल तर तो खुशाल कर, तुझा हक्क आहे. यजमानांना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
भावोजी

ता.क. दुरुस्तीवाल्या बाईंनी यंत्र बंद कसं करायचं ते मला तीनदा शिकवलं. तिन्हीदा कळलं. अजून केलेलं नाही.

ता.क. २. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात वरच्या बाई स्वतः खाली आल्या. रडून डोळे सुजले होते, पण रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमची उत्तरं पण वाचली मी. बरं वाटलं कुणीतरी उत्तर देत होतं ते." बावीस पानांवरच्या स्वतःच्या प्रत्येक ओळीपुढे त्यांनी पेनाने बरोबरची खूण केली होती. माझ्या ओळी सोडल्या होत्या. आणि चौदाव्या पानावर एक ओळ होती, तिच्यापुढे खूण नव्हती. "ही माझी नाही," म्हणाल्या. "त्या आठवड्यात मी मुलाकडे खोली बघायला गेले होते. घराला कुलूप, कीबोर्ड आत कपाटात." मी म्हटलं, मग माझीच असेल. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुणाला अहो म्हणाल?" तपासताना ती ओळ माझ्या लक्षात कशी आली नाही ह्याचं एकच कारण: तिच्यात एकही चूक नाही, त्यामुळे पेन्सिल तिथे थांबलीच नाही. माझ्या रोजच्या प्रश्नाच्या बरोबर खाली आहे ती. जशीच्या तशी उतरवतो:

"यसार यसार यसार. अहो, किती वेळा तेच विचाराल? पोरींचा पेपर नीट झाला ना?"

ता.क. ३. वर तिकीट रद्द कर म्हटलंय ते इतक्यात करू नकोस. ताई कशी बोलायची हे माझ्याखेरीज आता फक्त तुला माहीत आहे, आणि माझ्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही. ती ओळ मोठ्याने, दोनदा वाच. तिची वाटली तर शुक्रवारी ये. नाही वाटली, तर येऊ नकोस, आणि मला काही कळवूही नकोस.