नदीकडच्या बाजूला बाबा

पोर्तो, ३ जून १९८४

चि. आदेरितु यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबांच्या उजव्या डोळ्याची नजर पूर्ण गेली आहे आणि डाव्यात नुसता उजेड-अंधार उरला आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी परवा दोनदा तपासून हे स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनचाही आता उपयोग नाही म्हणाल्या. बाबांनी शांतपणे टोपी घातली, आणि जिन्यात मला म्हणाले की बाईंचाच चष्मा बदलायला झालाय.

मला काळजी आहे ती पर्यटकांना शहर दाखवायच्या शनिवारच्या फेरीची. ती त्यांनी सोडलेली नाही. सकाळी स्टेशनसमोर पाहुणे गोळा करायचे, मनोरा, चौकातलं चर्च, मग पायऱ्या-पायऱ्यांनी खाली नदीवर, शेवटी पुलावरून पलीकडे, सगळं पायी. ट्रॅव्हल ऑफिसात कुणाला काही पत्ता नाही. नदीच्या धक्क्याला कठडा नाही हे तुला सांगायला नको. तिथे बाबा अजून पाहुण्यांना भिंतीकडे ठेवतात आणि स्वतः नदीकडच्या बाजूने चालतात. एखाद्या शनिवारी ते तरी पाण्यात जातील, नाहीतर त्यांना सावरायला गेलेला कुणी परका.

मी बोलले की मी कटकटी. परदेशी तिकीट लावून आलेलं मात्र सगळं त्यांना पटतं. म्हणून तू लिही. रोझाला आणि पोरांना माझे पापे.

तुझी ताई,
झुल्मिरा


लक्झेंबर्ग, ११ जून

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तरी खरं सांगू? तू लहानपणापासून आधी रडतेस आणि मग काय झालं ते विचारतेस. या गल्ल्या बाबांच्या पायांना पाठ आहेत. शनिवार काढून घेतलास तर ते स्वयंपाकघरात बसून तुझ्या सुपात मीठ कमी आहे एवढंच सांगत राहतील, आणि वर्षभरात आटोपतील. इथे बांधकामाच्या परांचीवरून उतरवलेल्या म्हाताऱ्या गवंड्यांचं काय होतं ते मी बघतो.

पण धक्क्याचं मलाही खुपतं आहे. एक कर. येत्या शनिवारी गुपचूप त्यांच्या गटात मिसळ आणि संध्याकाळपर्यंत मागे चाल. तुझ्या गुडघ्यांना माझी सहानुभूती. ते निभावले तर तू गप्प बसायचंस. पाय चुकला, तर ऑगस्टमध्ये घरी आल्यावर मी स्वतः फेरी बंद करा म्हणून सांगेन. शब्द देतो.

लोभ आहेच, तो या कामानंतरही ठेव.

तुझा,
आदेरितु


पोर्तो, १७ जून

चि. आदेरितु यास, आशीर्वाद.

काल गेले होते. शेजारच्या आल्बर्टिनाची गवती हॅट घातली होती, पण तिची गरजच पडली नाही. बाबांनी माझ्याशी हात मिळवला आणि बाई, आपण कुठल्या, असं विचारलं. मी आवाज बदलून विझेउची म्हणाले. तिथे हवा छान, पण माणसं फार चिकट, असं म्हणून ते पुढच्याकडे वळले. आदेरितु, मी हातभर अंतरावर उभी होते रे.

दुपारपर्यंत मात्र तुझंच खरं वाटत होतं. चढ, वळणं, ट्रामचे रूळ, कुठेही काठी अडखळली नाही. खानावळीत पांढऱ्या घेवड्याबरोबरचं आतड्यांचं कालवण आलं, तेव्हा पेल्याच्या काठावर बोट ठेवून त्यांनी सगळ्यांना वाइन ओतली. थेंब सांडला नाही.

मग चौकातलं चर्च आलं. बाबांनी हात उंचावला आणि ही भिंतीवरची निळी फरशी बघा, उन्हात कशी चमकते, असं सुरू केलं. चर्चला दुरुस्तीसाठी गुरुवारपासून परांची बांधलीय. वरपासून खालपर्यंत करडी ताडपत्री. एका जाड्या गृहस्थाने आपल्या बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात वाऱ्याने ताडपत्री फडफडली. बाबांनी कान टवकारले, आणि म्हणाले की ताडपत्रीमागचं ज्यांना दिसत नसेल त्यांनी विझेउच्या बाईंना विचारावं. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

धक्क्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना भिंतीकडे घेतलं. दगड ओले होते. कुणीतरी होडीचा दोर वेटोळं करून वाटेतच टाकला होता. काठी त्यात अडकली, बाबा वळले, आणि त्यांचा डावा पाय पाण्यावर अधांतरी. मी मागून कोट धरला आणि बसकणच मारली, म्हणून दोघं वर राहिलो. एक बाई किंचाळली. बाबा मान न वळवता हळूच म्हणाले, झुल्मिरा, कोट सोड, लोक बघतायत.

पुलावर गेल्यावर त्यांनी माझा कोपर धरला आणि आज नदीचा रंग कोणता आहे ते विचारलं. मी हिरवट म्हणाले. त्यांनी पाहुण्यांना तसंच सांगितलं.

ऑफिसात मी काही बोललेले नाही. तुझा शब्द तुझ्यापाशी.

माया असू दे,
झुल्मिरा


पोर्तो, १९ जुलै

चि. आदेरितु यास, बापाचे आशीर्वाद.

मी सांगतोय आणि तुझी ताई लिहितेय. मध्ये नाक ओढतेय, त्यामुळे शाई पसरली तर दोष माझा नाही.

तू कशासाठी येतोयस ते तिने सांगितलं. तुम्ही दोघांनी माझ्यामागे पत्रांत मला पार निकालात काढलंत, त्याचा राग आहे आणि तो राहणार. पण पाय अधांतरी होता, तेव्हा मला माझी भीती वाटली नाही. ती किंचाळणारी बाई धावत आली होती. तीही माझ्याइतकीच काठाशी आली होती, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. त्या रात्री मला झोप नव्हती.

त्या दिवसापासून धक्का मी फेरीतून काढून टाकलाय. मी तिथेच जन्मलो, तिथेच तुझ्या आईला पहिल्यांदा पाहिलं, आणि आता पाहुण्यांना तो पुलावरून लांबून दाखवतो. दाखवते झुल्मिरा. मी तोंड त्या बाजूला करून उभा राहतो. ऑफिसातही जाऊन सगळं सांगून आलो. साहेब विचार करतो म्हणालेत; त्यांचं उत्तरही तू येशील त्याच आठवड्यात येईल.

चार ऑगस्टला शनिवार आहे. गाडीचा शीण असला तरी सकाळी स्टेशनसमोर ये आणि आमच्याबरोबर चाल. मला थांबवायचं असेल तर सुरुवातीला सांगू नकोस, पाहुण्यांचा दिवस खराब होईल. संध्याकाळी पुलावर सांग. मी ऐकेन.

वाट पाहणारा,
तुझा बाप,
बेल्मिरु