चार नंबरची खोली नयनकडेच राहील

मी, शेवंती परशुराम मढवी, वय त्र्याहत्तर, राहणार कळवा, ठाणे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाने, दिपेशने, थोडा आणून पाहिला, जमले नाही.

१. राहते घर दिपेशला. पाटल्या नात कृतिकाला. माझी नथ जाऊबाई कमळाबाईंनी एका लग्नात घालायला नेली, ती अजून त्यांच्याकडेच आहे. त्यांनाच लखलाभ.

२. माझ्या चाळीतल्या भाड्याच्या खोल्या दिपेशला. चार नंबरची मात्र भाडेकरू नयन बेहरा यास, तहहयात, भाड्याशिवाय.

का, तेही लिहिते, म्हणजे मागून भांडण नको. नयन ओडिशाचा, फरशी बसवण्याचे काम करतो. दिवाळीत भाडेकरू गावी गेले की चोरीच्या भीतीने आम्ही रिकाम्या खोल्यांना बाहेरून आमचे कुलूप लावतो. दोन वर्षांपूर्वी दिपेशने आत न बघताच लावले. नयन तापाने आत पडला होता. त्याला जायला गावच नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी दाराशी त्याच्या चपला दिसल्या म्हणून मी दार उघडले, तर हा कोपऱ्यात बसलेला.

"हाक का नाय मारलीस रं?"

"ओरडलं की जास्त मारायचे, मावशी."

लहानपणी वीटभट्टीवर मुकादम त्याला कोंडून ठेवायचा. हे तो पहिल्यांदाच बोलला. जगू नये असे मनात येते, हेही बोलला. मी त्याला सरकारी इस्पितळात मनाच्या डॉक्टरांकडे नेले. आता औषध चालू आहे, कामावर जातो, हसतोही. पण दिवाळी जवळ आली की घुमा होतो.

३. म्हणून दिवाळीत त्याने आपल्याच घरी जेवायचे, झोपायचे. डॉक्टरांची तारीख दिपेशने चुकवू द्यायची नाही. नयन गप्प दिसला तर मरावेसे वाटते का, हे सरळ विचारायचे. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, असे डॉक्टरांनीच मला सांगितले आहे. दिपेश, तू वाईट नाहीस, घाईचा आहेस.

४. वरचे सगळे मी नयनला वाचून दाखवले. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही गेल्यावर मी कोणासाठी राहू?" त्याचे उत्तर म्हणून आज हे कलम वाढवते. पितृपंधरवड्यात माझे पान नयननेच वाढायचे. वडे, खीर, सगळे. दुसऱ्या कोणाच्या हातचे मी घेणार नाही. नयन, तुला दरवर्षी यावे लागेल रं. नाही आलास तर मी उपाशी राहीन.

सही: शेवंती परशुराम मढवी

शेवंतीबाईंनी आमच्यादेखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार:
मारुती भोईर, शेजारी, कळवा
सरोज प्रधान, निवृत्त शिक्षिका, कोपरी

कळवा, दि. १२ ऑगस्ट २०२५