आईची किडनी आणि पोटभर पाणी

बाबा,

डॉक्टर काल म्हणाले, "पाणी कमी पडतंय तुमचं, अजून प्या." बाहेर आल्यावर ठाण्यातल्या हॉस्पिटलच्या पायरीवरच मी बाटली उघडली आणि उभ्याने निम्मी संपवली. "बसून पी गं, ठसका लागेल," आई म्हणाली, पण तिचाही चेहरा खुलला होता. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणून पहिल्यापासून सांगते. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, काही वर्षं मी डायलिसिसवर काढली, आणि या उन्हाळ्यात आईने मला तिची एक किडनी दिली.

त्या वर्षांत पाणी औषधासारखं मोजून मिळायचं. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला अंगात वाटच उरली नव्हती. घोटभर जास्त झालं की पाय सुजायचे, धाप लागायची. मी बर्फाचा खडा तोंडात धरून टीव्हीवरच्या सरबताच्या जाहिराती बघायचे. आई बटाटे चिरून उकळायची आणि ते पाणी मोरीत ओतायची, कारण त्यातलं पोटॅशियम माझ्या अंगात साठून राहिलं असतं. "सगळा कस ओततेय मी. ह्यांना बघवलं नसतं," असं ती चिडून म्हणायची. मला वाटतं, तुम्ही उलट खूश होऊन पातेल्यासमोरच तास सुरू केला असता.

तुम्ही विज्ञानाचे मास्तर, पण तुमचे तास काही मोहने गावातल्या शाळेपुरते नसायचे. रविवारी भाजीला म्हणून तुम्ही मला कल्याणच्या घाऊक बाजारात न्यायचात आणि पिशव्या माझ्या हातात देऊन फाटकापाशीच थांबायचात. त्यातला एक रविवार अजून डोळ्यांपुढे आहे. गर्दी आतून बाहेर येते आहे. "बघ," तुम्ही म्हणता, "दाटीतून मोकळ्या जागेकडे माणूस आपसूक निघतो. पाण्याचंही तसंच. जिकडे पाणी कमी आणि मीठ जास्त, तिकडे ते पेशीच्या पडद्यातून निघालंच. फुकटात." तेवढ्यात त्याच गर्दीत उलटा घुसत एक हमाल कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन आत जातो, "बाजू, बाजू" करत. "आणि हा बघ. उलट्या दिशेने माल न्यायचा तर मेहनत आली, आणि मेहनत आली की वडापाव आला. पडद्यात असे हमाल बसलेत. आतल्या भट्ट्यांवर त्यांचे वडापाव तळले जातात. आपण झोपलो तरी हमाली चालूच." लोक आम्हाला धक्के देत होते आणि तुम्हाला त्याचं काहीच नव्हतं.

पुढे नववीच्या परीक्षेत पेशीला ऊर्जा कशातून मिळते, असा प्रश्न आला आणि मी बेधडक वडापाव लिहून आले. पेपर तपासणाऱ्या बाईंनी भोपळा दिला. तुम्ही स्वयंपाकघरात मला उभं करून झापलंत. "अगं, उदाहरण समजून घ्यायला असतं, उत्तरपत्रिकेत उतरवायला नव्हे." आई पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत ना? मग भोगा." त्यावर तुम्ही इतके हसलात की कपातला चहा पायजम्यावर सांडला. मला तुमचा राग आठवायला गेलं की हसणंच आठवतं.

किडनी द्यायची ठरल्यावर हॉस्पिटलच्या समितीपुढे मुलाखत असते. तिथे आईला विचारलं, "आजी, तुमच्यावर कुणाचा दबाव तर नाही ना?" आई म्हणाली, "दबाव कसला? मीच हिला महिनाभर दटावतेय, तेव्हा कुठे घ्यायला तयार झाली." मला मात्र एकच धास्ती होती, माझं अंग तिची किडनी आपली म्हणेल की परकी. परकी म्हटली तर आईचंही गेलं आणि माझंही. ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा सिस्टरने लघवीची पिशवी वर करून दाखवली. "ताई, बघा, भरतेय." मी रडले. आईच्या किडनीतल्या एवढ्याशा नळ्यांमधल्या पेशी भट्ट्या पेटवून मीठ ओढत होत्या, त्याच्यामागे पाणी जात होतं, जास्तीचं बाहेर पडत होतं. दोन दिवसांनी आई भिंत धरत माझ्या खोलीत आली. "तू माझं कधी ऐकलं नाहीस," म्हणाली, "ती तरी ऐकतेय ना?"

आता आम्ही दोघी डोंबिवलीला घरी आहोत आणि मी पाणी पिते आहे. माठातलं, फिल्टरचं, शेजारणीने आणून दिलेलं वाळ्याचं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणूनच पुढचं लिहिते, नाहीतर असलं काही वडिलांना कोण लिहितं. घरी आल्यापासून मी बाथरूममध्ये गेले की लाजेने नळ सोडून ठेवायचे. परवा दार जरा पटकन उघडलं, तर आई दाराला कान लावून उभी. एक हात पोटाच्या टाक्यांवर. "काही नाही गं," म्हणाली, "चालू आहे का बघत होते." बाबा, तेव्हापासून मी नळ बंद ठेवते. तिला नीट ऐकू यावं म्हणून.