नाकामागची गाठ

सोमवार, ४ मार्च

मुलगी आज तिच्या वडिलांना माझ्या दवाखान्यात घेऊन आली. आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं. परवा त्याच्याकडे दूध करपून घरभर धूर झाला म्हणे आणि हा शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेला! "आई, पेशंट म्हणून बघ त्यांच्याकडे," म्हणाली. घटस्फोटाला पाच वर्षं झाली. दुसरं काही म्हणून बघायचं उरलंय कुठे?

संशोधनासाठी वापरतो ती वासाची पेनं मीच त्याच्या नाकाखाली धरली. संत्रं, साबण, लवंग, रॉकेल. तो बेधडक उत्तरं देत गेला, जवळजवळ सगळी चुकीची. रॉकेलला गुलाब म्हणाला. वास हळूहळू जातो तेव्हा माणसाला पत्ताच लागत नाही, असं मी दर परिषदेत सांगते. आज ते समोर बसलेलं पाहिलं. काही वाटलं नाही. आकडे भरले, हात धुतले.

बुधवार, ६ मार्च

दुर्बीण घातली. नाक आतून स्वच्छ. सूज नाही, पॉलिप नाही. म्हणजे दोष वर, डोक्यात. एमआरआय लिहून दिला.

शुक्रवार, ८ मार्च

गाठ. नाकाच्या छतावर, वासाच्या नसांवर बसलेली. लिंबापेक्षा मोठी. कपाळामागचा मेंदू मागे रेटलाय. कॅन्सर वाटत नाही.

घरी आले. जेवले. भांडी घासली.

रविवार, १० मार्च

मेंदूचा तो भाग दाबला गेला की माणूस थंड पडतो. कुणाचं काही वाटेनासं होतं. हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते.

सासूबाई गेल्या त्या संध्याकाळी तो टीव्हीवर मॅच बघत बसला होता. माझं गर्भाशय काढलं तेव्हा आला, खुर्चीत बसून मोबाइल चाळला आणि गेला. शेवटी मी म्हणाले, भिंतीशी संसार करून कंटाळले, वेगळे होऊ या. "बरं," म्हणाला. एवढंच.

अशा गाठी मुंगीच्या पावलांनी वाढतात. सहसा दहा-दहा वर्षं घेतात. म्हणजे तेव्हाही असणारच. म्हणजे मी आजारी माणसाला सोडून आले.

वाक्य लिहून बघितलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

मुलीला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबा तसे नव्हतेच."

सोमवार, १८ मार्च

ऑपरेशन झालं. मेंदूच्या सर्जननी केलं, नाकाच्या वाटेने. एरवी ती वाट मी उघडून देते. आज माझ्या सहकाऱ्याने उघडली. मी बाहेर मुलीशेजारी बाकावर, इतर नातेवाइकांसारखी. दार उघडलं की मान वर करायची, मिटलं की खाली.

गाठ पूर्ण निघाली. साधीच होती. वास मात्र परत यायचा नाही, नसाच उरलेल्या नाहीत.

रविवार, २४ मार्च

रोज संध्याकाळी वॉर्डात जाते. आज उशी नीट करून दिली. "दमलेली दिसतेस," म्हणाला. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मुलगी म्हणते, बाबांना काही दिवस तुझ्याकडे आणू या का? मी हो म्हणाले. मागच्या खोलीतली खोकी काढायला घेतली. चादर बदलली.

काहीतरी वाटतंय बहुतेक. खात्री नाही.

बुधवार, २७ मार्च

रेडिओलॉजिस्टना ही केस आमच्या अभ्यासात हवी आहे. गाठीचा वेग काढायला जुना एमआरआय मिळेल का, विचारत होते. मुलीने त्याला विचारलं. आहे म्हणे. चक्कर यायची म्हणून काढला होता, आम्ही वेगळे झालो त्याच महिन्यात. मला बोलला नव्हता. ती उद्या-परवा त्याच्या घरून आणेल.

शनिवार, ३० मार्च

जुना एमआरआय पाहिला. रेडिओलॉजिस्टनाही दाखवला.

गाठ नाही. कुठेच काही नाही. सगळी नंतर वाढलेली, नेहमीपेक्षा भराभर. तेव्हा तो ठणठणीत होता.